आईची उपाशीपोटीची शुगर एक दिवस २३१, एक दिवस ९६. कुणाला असा अनुभव आहे का?

खारूताई | ८ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार. इथे नेहमी वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. परवाच्या रात्रीपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून धागा काढला.

आई ७१ वर्षांची, अंगाने बारीक, मधुमेहाला १७ वर्षं झाली. चार वर्षांपासून इन्सुलिनचं पेन आहे. ३०/७०, म्हणजे पटकन आणि हळू काम करणारं एकत्र केलेलं, सकाळी २२ युनिट, रात्री जेवणाआधी १४. जोडीला मेटफॉर्मिनच्या गोळ्या. बाबा गेल्यापासून ती सांगलीत माझ्याकडे असते. सकाळी उठल्या उठल्या मी तिचं बोट टोचते आणि वहीत आकडा लिहिते. गेल्या आठवड्याचे आकडे असे: २१२, १४८, २३१, ९६, १८८, ११०, २४०. रात्रीचं जेवण मात्र रोज तेच. दीड ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण. मी स्वतः वाढते. चोरून खाणाऱ्यातली ती नाही.

रविवारी आषाढी झाली. उपास करू नकोस म्हणून मी दोन दिवस सांगत होते, पण पन्नास वर्षांचा नेम, ती कसली ऐकते. दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री थोडी भगर आणि दाण्याची आमटी, तीही अर्धी ताटात टाकली. दिवसभर देवळात रांगेत उभी राहून दमली होती, म्हणून रात्रीचं इंजेक्शन मीच दिलं, मांडीत.

पहाटे पावणेतीनला स्वयंपाकघरात डबा पडल्याचा आवाज आला. आई ओट्याखाली फरशीवर बसलेली. साखरेचा डबा मांडीत धरलेला आणि झाकण काही केल्या निघत नाही. अंगातलं पातळ घामाने इतकं भिजलेलं की पाणी सांडलं असं वाटावं. मला "अक्का" म्हणाली. अक्का म्हणजे माझी मावशी, ती जाऊन आठ वर्षं झाली. मीटरवर ४८. तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, १५ मिनिटांनी ७४, मग अर्धी पोळी दुधात कुस्करून दिली, चारला ११२ आली.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीचा डोस तात्पुरता १० करायला सांगून शुक्रवारी बोलावलंय. गेल्या महिन्यातली तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७.६ आली होती आणि आम्ही खूश होतो. ७.६ चांगली असेल तर हे काय चाललंय?

---

वारणाकाठ | ८ जुलै, रात्री ११:१५

ताई, तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर केलंत. साखरेचं पाणी, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, मग पोटात काहीतरी टिकणारं. घाबरून पोळीभाजी भरवत बसणारे मी पाहिलेत, पोळीची साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. चॉकलेटचंही तेच, त्यातल्या तुपकटपणामुळे उशीर होतो. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि थेट दवाखाना.

मी स्वतः १९ वर्षांचा मधुमेही आहे. आकडे असे उड्या मारायला लागले की मी आधी मीटरकडे बघतो. मागच्या मे महिन्यात आंबे कापून ठेवले, हात नुसते विसळले आणि तपासलं तर ३१०. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासलं, १६४. बोटाला लागलेला रस मोजला गेला होता. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तरी आकडे बिघडतात. आणि बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथे दुखतंही कमी आणि भाकरी थापताना चुरचुरत नाही.

चांगलं मीटरसुद्धा १५ टक्के इकडेतिकडे चालतं असं धरलेलं असतं. १४० चे १५५ झाले म्हणून जिवाला लावून घ्यायचं नाही. पण तुमचे ९६ आणि २४० हे काही मीटरचं काम वाटत नाही.

---

निशिगंध | ९ जुलै, सकाळी ७:०५

मी फिजिशियन आहे, ३० वर्षं प्रॅक्टिस केली. इथून डोस सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. काही प्रश्न मात्र विचारतो, त्यांची उत्तरं शुक्रवारी बरोबर न्या.

एक, ७.६ बद्दल. ही सरासरी आहे. ७.६ म्हणजे साधारण १७१. रोज १७१ असलेल्या माणसाचीही ७.६ येते आणि ४८ ते ३०० असा झोका घेणाऱ्याचीही ७.६ येते. शिवाय आईचं हिमोग्लोबिन किती आहे? लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो.

दोन, पहाटे तीनची तपासणी पूर्वी कधी केली होती का? ३०/७० मधला ७० टक्के भाग हळू काम करणारा असतो. रात्री आठला घेतलं की त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, दोन-तीनच्या सुमाराला असतो. जेवण कमी झालं असेल तर तेव्हाच साखर खाली जाते. दोन-तीन रात्री गजर लावून बघा. सकाळी जास्त येते म्हणून रात्रीचा डोस वाढवत नेला आणि पहाटे माणूस घामाघूम, असं मी कितीदा पाहिलंय.

तीन, ३०/७० हे दुधाळ औषध असतं, तळाशी बसतं. टोचण्याआधी पेन तळहातांत दहा वेळा फिरवून दहा वेळा वरखाली करावं लागतं. आई करतात का?

आणि चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री तुम्ही मांडीत दिलंत. एरवी आई कुठे टोचून घेतात?

---

खारूताई | ९ जुलै, सकाळी ७:५०

डॉक्टर, मनापासून आभार. हिमोग्लोबिन ९.२ आहे. पेन ती एकदोनदा हलवते फक्त. तपासणी सकाळी उपाशीपोटी आणि कधीमधी दुपारी जेवणानंतर दोन तासांनी. पहाटे कधीच केली नव्हती.

टोचते पोटावर, बेंबीच्या डावीकडे. रोज तिथेच. "तिथे दुखतच नाही बघ," म्हणते.

---

निशिगंध | ९ जुलै, सकाळी ८:१०

त्या जागेवरून हात फिरवून बघा. नुसतं बघू नका, बोटांनी चाचपा. आणि सुई किती दिवसांनी बदलता तेही लिहा.

---

दगडफूल | ९ जुलै, सकाळी ११:३०

ताई, काळजी घ्या. आमच्याकडे साखर बंद करून गूळ सुरू केला तेव्हापासून फरक आहे. सकाळी कारल्याचा रस द्या. आमच्या शेजारच्या काकांनी काढा घेऊन इन्सुलिन सोडलं. आणि एक विचारू का, तुमची आई एवढी बारीक, तिला साखर कशी झाली?

---

वारणाकाठ | ९ जुलै, दुपारी १:०५

दगडफूल, तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतं. पण गुळाने आणि मधानेही रक्तातली साखर वाढतेच, हे वहीत आकडे लिहून मी स्वतः बघितलंय. कारलं भाजी म्हणून खुशाल खावं.

इन्सुलिन सोडण्याबद्दल मात्र गप्प बसवत नाही. माझ्या थोरल्या भावाने एका काढ्यावर विसंबून इन्सुलिन बंद केलं. चौथ्या महिन्यात अंगठ्याला चपलेचा चट्टा पडला. पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे त्याला तो कळलाच नाही. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा वहिनींना समजलं. दोन बोटं काढावी लागली. तेव्हापासून मी रोज रात्री तळपाय आरशात बघतो आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालत नाही. विठोबा काही रागावत नाही त्याने.

---

निशिगंध | ९ जुलै, दुपारी २:२०

बारीक माणसाला मधुमेह कसा, यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्य वेचलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे वजन कमी असलं तरी स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं तपासून मांडलं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं सांगितलं. त्यात अंगाने सडपातळ माणसं भरपूर आहेत. म्हणून "बारीक आहे, हिला काय होणार" हे वाक्य मला घातक वाटतं. तपासणी उशिरा होते ती याच वाक्यामुळे.

---

खारूताई | ९ जुलै, रात्री ९:१५

डॉक्टर, गाठ आहे. वरून काहीच दिसत नाही, पण आडवं झोपवून चाचपलं तर लिंबाएवढा भाग रबरासारखा लागतो. दाबलं तरी तिला काही वाटत नाही. चार वर्षं ती तिथेच टोचतेय आणि मी एकदाही हात लावून बघितलं नाही. सुई आठवड्यातून एकदा बदलतो.

वहीत मागे जाऊन बघितलं. ९६ आणि ११० च्या आदल्या रात्री तिचे हात दुखत होते म्हणून मी दिलं होतं. मांडीत. बाकी सगळ्या रात्री तिने स्वतः.

---

निशिगंध | ९ जुलै, रात्री ९:४०

सापडलं म्हणायचं. एकाच जागी, त्यातही तीच ती सुई टोचत राहिलं की कातडीखालची चरबी अशी फुगून घट्ट होते. तिथल्या संवेदना बोथट होतात, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. त्या गाठीत गेलेलं इन्सुलिन कधी पाझरतं, कधी अडकून राहतं. मग आकडे चढतात आणि डोस वाढवला जातो. तुमच्या आईंचे १४ युनिट हे बहुधा गाठीचे १४ युनिट आहेत. तेच १४ चांगल्या कातडीत गेले की पूर्णच्या पूर्ण लागू पडतात, आणि त्यात आषाढीचं अर्धं जेवण.

आता घाईने आजपासूनच जागा बदलून जुना डोस देऊ नका, पुन्हा खाली जाईल. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून गाठीचं सांगा, शुक्रवारची वाट बघू नका.

---

मधली_सुट्टी | १० जुलै, रात्री १२:२०

मुलगी झोपली, आता लिहिते. ती नऊ वर्षांची आहे, टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, पाचव्या वर्षी निदान झालं. ठाण्यात राहतो.

ताई, तुमची वही वाचताना मला आमची पहिली दोन वर्षं आठवली. मीही रोज सकाळी विचारायचे, "किती आली?" आकडा ऐकून माझा चेहरा जो व्हायचा तो ती बघायची. एक दिवस वहीत सलग नऊ दिवस ११८, १२२, १२० असे आकडे दिसले. मीटरमध्ये बघितलं तर २७०, ५९, ३०५. ती सात वर्षांची होती आणि माझा चेहरा पडू नये म्हणून आकडे बनवून लिहीत होती. त्या दिवशी मी खूप रडले. मग आम्ही घरात ठरवलं की शुगर "चांगली" नाही आणि "वाईट"ही नाही. ती वर असते, खाली असते किंवा मधे असते. वर असेल तर मी विचारते, "काय बरं झालं असेल?" आणि आम्ही दोघी मिळून शोधतो. परीक्षेच्या दिवशी काही न खाताही वर जाते. खो-खो खेळली की रात्री खाली येते, कधीकधी आठ-दहा तासांनी.

आता दंडावर सेन्सर असतो, १४ दिवस चालतो, फोनवर रेघ दिसते. त्याने मला झोप दिली हे खरं. पण तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळे वेगाने चढ-उतार चालू असताना दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. ती त्या कुशीवर झोपली की दंड दाबला जातो आणि मध्यरात्री ५५ चा गजर होतो, बोट टोचलं तर ११०. मुलीला काय होतंय ते आणि सेन्सर काय सांगतोय ते जुळलं नाही तर बोट टोचायचं, हा आमचा नियम. खर्चही मोठा आहे, प्रत्येक महिन्याला जमतोच असं नाही. मग परत पट्ट्या.

तिला मी एक गोष्ट नेहमी सांगते. जानेवारी १९२२, टोरंटो, १४ वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन. बँटिंग आणि बेस्टच्या कामातून तयार झालेलं इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते त्याला. त्याआधी तिच्यासारखी मुलं जगायचीच नाहीत. तिच्या कंपासपेटीत पेन्सिलीशेजारी ग्लुकोजची पुडी असते आणि बाकावरच्या मैत्रिणीला ती केव्हा द्यायची ते पाठ आहे.

---

चाफेकळी_लीड्स | १० जुलै, दुपारी ४:१०

फार उपयोगी धागा. परदेशातल्या मुलांसाठी एक गोष्ट लिहिते. बाबा पुण्याहून इकडे आले तेव्हा त्यांचं मीटर विसरले, मी इथलं आणून दिलं. पहिल्याच दिवशी आकडा ११.२. बाबा म्हणाले, हे बिघडलंय. इथे मिलिमोलमध्ये मोजतात, त्याला १८ ने गुणायचं. ११.२ म्हणजे २०० च्या वर. पुढे एकदा ३.४ आली तेव्हा ती ६१ आहे हे मला चटकन लक्षात आलं नाही. आता फ्रिजवर तक्ता चिकटवलाय.

---

ताडोबाकडचा | १० जुलै, रात्री ८:३०

आमच्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो आणि लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही. चालू पेन महिनाभर बाहेर ठेवता येतं म्हणतात, ते ३० अंशांच्या आतल्या घरासाठी, आमच्यासाठी नव्हे. मी इन्सुलिन झाकणाच्या डबीत घालून ती डबी मडक्यात ठेवतो, मडकं ओल्या वाळूत, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. हवा कोरडी असली की चांगलं गार राहतं. कोकणातल्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होणार नाही. फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरला खेटून नको. एकदा गोठलं की टाकून द्यायचं, वितळलं तरी वापरायचं नाही.

---

वारणाकाठ | १० जुलै, रात्री ९:००

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर बाटली-सिरिंजवाल्यांसाठी. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४०. त्यांची सिरिंज लाल टोपीची. नारंगी टोपीची असते १०० ची. मला एकदा दुकानातून नारंगी आली, मी नेहमीसारखं २० च्या रेघेपर्यंत भरलं. प्रत्यक्षात गेले ८ युनिट. तीन दिवस साखर ३५० च्या वर, कारण काही कळेना. उलटं झालं असतं, म्हणजे १०० चं औषध लाल टोपीने भरलं असतं, तर अडीचपट गेलं असतं. बाटली आणि टोपी, दोन्ही दर वेळी बघा. मी बायकोलाही दाखवतो. चार डोळे बरे.

---

खारूताई | २८ जुलै, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, सगळ्यांनी विचारपूस केली त्याबद्दल आभार.

डॉक्टरांना १० तारखेलाच फोन केला, शुक्रवारी भेटलो. त्यांनी गाठ चाचपून पाहिली आणि पेनाने तिच्याभोवती गोल काढला. त्या गोलात काही महिने टोचायचं नाही. जागा बदलून डोस सकाळी १८, रात्री ९ वर आणलाय, तोही पहिले दोन आठवडे रोज आकडे कळवत. सुई ४ मिलिमीटरची, रोज नवी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. मेटफॉर्मिन खूप वर्षं चालू असल्याने बी-१२ तपासलं, तेही कमी निघालं. आईच्या वयाला सकाळची १०० आलीच पाहिजे असा हट्ट नको, खाली जाणं जास्त धोक्याचं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

गेल्या आठवड्याचे उपाशीपोटीचे: १५२, १३८, १६१, १४४, १४९, १३५, १५८. पहाटे तीनला तीनदा बघितलं, १२१, १०९, १३०. रात्री जेवल्यावर आम्ही दोघी गच्चीवर शतपावली घालतो, गुडघे साथ देतील तेवढी.

मधली_सुट्टी, तुमचं लिहिणं मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही त्याआधी दोनदा रात्री घाम फुटला होता. गुळाचा खडा खाल्ला आणि झोपले. तुला सांगितलं असतं तर तू उपास बंद केला असतास." तेव्हापासून "किती आली?" हे मी विचारत नाही.

वही आता तिच्याकडे आहे. तिने ३० वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी सांभाळली, हिशेबात कधी रुपया चुकला नाही. तशाच रेघा मारल्यात. तारीख, वेळ, आकडा, टोचल्याची जागा आणि शेवटचा रकाना "कारण". जागेच्या रकान्यात उजवी मांडी, डावी मांडी, उजवं पोट, म्हणजे उ.मां., डा.मां., उ.पो. असं आळीपाळीने. आज श्रावणातला पहिला सोमवार. उपास धरायचा होता, म्हणून शनिवारीच तिने स्वतः डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी डोस कमी सांगितला, साबुदाणा नको म्हणाले, संध्याकाळी वेळेवर सोडायला सांगितलं. आजच्या ओळीत लिहिलंय: "२८ जुलै, रात्री ८, १६६, डा.मां., सोमवार सोडला, वरणभात थोडा जास्त झाला."